बोलण्याआधीचा श्वास

१

दुसऱ्यानं घालून ठेवलेला पसारा आवरताना ज्यांना राग येत नाही, उलट गुणगुणावंसं वाटतं, अशी माणसं जगात थोडीच. ती त्यांतली होती. ऑफिसात तिला सगळे झाडूताई म्हणत, आणि ती चिडत नसे. खरं तर ते नाव एकदा हसता हसता तिनंच स्वतःला लावून घेतलं होतं.

कंपनी कानाची मशीनं बनवायची. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानामागे बसणारं, घेवड्याच्या दाण्याएवढं मशीन. त्या एवढ्याशा जिवात एक चिप, आणि कानाला काय ऐकवायचं, काय गाळायचं हे त्या चिपला सांगणारा, सी भाषेत लिहिलेला कोड. कोड जुना होता, बारा गावचं पाणी प्यालेला. चिप बदलत गेल्या, माणसं बदलत गेली, कोड मात्र तोच. नवी चिप आली की जुन्याच फाइलींत नव्या ओळी घुसडायच्या आणि त्यांच्या डोक्यावर एक अट लावायची: अमुक चिप असेल तर या ओळी घे, नसेल तर त्या कधी लिहिल्याच नव्हत्या असं समज. मशीनमध्ये भरायचा प्रोग्रॅम तयार होतानाच ही निवड होते. गाळलेल्या ओळी मशीनपर्यंत पोचतच नाहीत.

पण अटी लावणाऱ्यांनी त्या आपापल्या अकलेनं लावल्या होत्या. कुणी विचारलं होतं, या चिपचं नाव कुठं लिहिलेलं आहे का? कुणी विचारलं होतं, त्या नावापुढे 'हो' म्हणून एकचा आकडा लिहिलाय का? कुणी नावच अर्धवट लिहिलं होतं, कुणी उलटा प्रश्न विचारून ठेवला होता. एका स्वयंपाकघरात दहा जणींनी दहा ठिकाणी मीठ ठेवावं, तसला प्रकार.

"सगळ्या अटी एका वळणावर आणा," साहेब म्हणाले. "एकच प्रश्न, एकाच पद्धतीनं, सगळीकडे. तुमच्याशिवाय हे कुणाच्यानं व्हायचं नाही."

तिला दुसरं काय हवं होतं? सकाळी आल्या आल्या चहाचा कप खिडकीत ठेवायचा, फाइल उघडायची, अटी वळणावर आणायच्या, प्रोग्रॅम पुन्हा तयार करून आधीच्याशी ताडून बघायचा. बदल शून्य आला की पुढची फाइल. दिवस कसे भुर्रकन जात होते.

२

एका फाइलीत मात्र बदल शून्य आला नाही. प्रोग्रॅम लहान झाला.

तिनं खोदून पाहिलं तेव्हा कळलं. त्या फाइलीतल्या काही ओळी कंपनीच्या पहिल्यावहिल्या चिपसाठी लिहिलेल्या होत्या. ती चिप आता कुणाच्याच कानात उरली नव्हती, म्हणून बाकी सगळ्या मशीनांसाठी कुणीतरी तिच्या नावापुढे शून्य लिहून ठेवलं होतं. शून्य म्हणजे नाही. पण या एका फाइलीतली अट किंमत विचारतच नव्हती. ती एवढंच विचारत होती, नाव आहे का? आणि शून्य लिहिलं म्हणून नाव काही पुसलं जात नाही. नाव होतं. त्यामुळे ज्या ओळी गळायला हव्या होत्या, त्या इतकी वर्षं प्रत्येक मशीनमध्ये, प्रत्येक कानात, मुकाट्यानं जात राहिल्या होत्या. तिनं अट सरळ केली तशा त्या गळल्या.

ओळी करत काय होत्या? तर बाहेर काहीच आवाज नसेल, तेव्हा मशीननं आपण होऊन एक बारीक खरखर चालू ठेवायची. पाणी तापायला लागलं की भांड्यातून येते तशी, ऐकू आली न आली अशी. वर कुणीतरी दोनच शब्द टाकले होते: "असू द्या." कारण नाही, खुलासा नाही.

तिनं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या चिपमध्येच काही दोष असेल, तो झाकायला केलं असणार. आपल्या चिपला तो दोष नाही. मग फुकट बॅटरी कशाला खायची?"

"ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारू का?"

"मास्तरांना? ते निवृत्त होऊन जमाना झाला. आणि तुमचं बरोबरच आहे की हो. शून्य म्हणजे नाही."

"शून्य म्हणजे नाहीच," ती म्हणाली.

आवाजाची तपासणी करणारा एक गडी होता. गाता गळा नाही पण कान असा तिखट, की सगळे त्याला कानसेन म्हणत. तो नवा प्रोग्रॅम भरलेलं मशीन कानात घालून मुक्या खोलीत बसला. मुकी खोली म्हणजे चाचणीची खोली. भिंतींना, छताला, दाराला जाड स्पंजाची त्रिकोणी दातेरी कवचं, जमिनीवर ताणलेली जाळी. आत गेलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येई. कानसेन बाहेर आला तो खूश होऊन.

"काय शांतता आहे, ताई! धुऊन वाळत घातल्यासारखी."

महिनाअखेरीला नवा प्रोग्रॅम फोनवरून लोकांच्या मशीनांत उतरला. कंपनीतल्यांच्या घरची मशीनं आधी. म्हणजे तिच्या वडिलांचं सर्वांत आधी.

३

वडिलांना ती नाना म्हणे. नानांचा जन्म छापखान्यात गेला होता, आणि छापखान्यानं पगाराबरोबर त्यांचे कानही ठेवून घेतले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोघंच. नाना मोठे बोलके. पण बोलक्या माणसाला ऐकू यायचं कमी झालं की त्याच्याशी बोलणं लोकांच्या जिवावर येतं. दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा ओरडायचं, आणि ज्यासाठी ओरडलो ते इतकं फुटकळ असतं की ओरडल्याची लाज वाटते. मग माणूस शिकतो, आणि "काय म्हणालीस?" असं विचारलं की "काही नाही, नाना, राहू द्या" म्हणून मोकळा होतो. तीही शिकली होती.

त्या रविवारी सकाळी ती दिवाणखान्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. नाना समोर पेपर वाचत होते. पंखा बंद, रस्ता रिकामा.

"काय म्हणालीस?" नाना म्हणाले.

"काही नाही."

त्यांनी पान उलटलं. थोड्या वेळानं पुन्हा मान वर केली. पण तिच्याकडे नाही. डावीकडे, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्याकडे. "हं? काय म्हणालात?"

तिचे हात थांबले. नाना तिला कधी 'म्हणालात' म्हणत नसत.

"नाना, कुणाशी बोलताय?"

"कुणीतरी काहीतरी सांगत होतं ना?"

"कोण सांगणार? मी इथे आहे. आणखी कोण आहे घरात?"

नानांनी मशीन काढून फुंकर मारली, परत घातलं. "शब्द नाही गं ऐकू आला. पण बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो ना, तोंड उघडून, तसं झालं. मला वाटलं, आता बोलेल."

"मशीनमध्ये तुमचाच श्वास ऐकू येत असेल. आवाज आता फार स्वच्छ झालाय."

"असेल," नाना म्हणाले. पण घास गिळल्यावरही चव राहावी तसे ते त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

दिवसभरात नानांनी तो प्रश्न कितीदा विचारला, हे तिनं मोजलं नाही. तिनं फक्त एवढं पाहिलं, की ते प्रश्न विचारून गप्प बसत होते. जसं कुणीतरी 'काही नाही, राहू द्या' न म्हणता, पुन्हा एकदा सांगायला तयार होत होतं.

४

तक्रारींचे फोन घेणारी बाई जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी येऊन बसली. "तू काय केलंस गं नव्या प्रोग्रॅममध्ये? लोक भलतंच विचारतायत."

"काय विचारतायत?"

"मशीन दुसऱ्या कुणाचं बोलणं पकडतंय का, म्हणे. काल एक आजी म्हणाल्या, माझ्या न्हाणीघरात कुणीतरी बोलायला लागतं नि बोलतच नाही. मी म्हटलं, आजी, मशीन बंद करून चालू करा. तर म्हणतात कशा, नको गं, त्याचं राहून जाईल."

तिनं डबा मिटला. डोकं ठिकाणावर होतं. डोक्यानं सांगितलं: माइक एवढासा, कानाला चिकटलेला, माणसाचा स्वतःचा श्वास त्यात शिरणारच. आजवर खरखरीखाली झाकला जात होता, आता उघडा पडला. याचा उपाय आहे, आणि उपाय सोपा आहे.

ती कानसेनला घेऊन मुक्या खोलीकडे गेली. खोलीत कुणीच बसायचं नाही, मशीन एका काडीवर टांगायचं, वायर बाहेर काढायची आणि बाहेरून हेडफोन लावून ऐकायचं. म्हणजे श्वासाचा प्रश्नच मिटला. दार लावलं. दारातल्या जाड काचेतून ते टांगलेलं मशीन दिसत होतं. कानसेननं हेडफोन घातला, डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यानं भुवया उचलल्या. "काय?" तो म्हणाला.

"मी काही बोलले नाही."

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून आत पाहिलं. हा माणूस एरवी हसल्याशिवाय वाक्य पुरं करत नसे. आता त्यानं हेडफोन काढून तिच्या हातात दिला, आणि हात पँटला पुसले.

तिनं घातला. शांतता खरंच धुतल्यासारखी होती. इतकी, की तिला खोलीचा आकार ऐकू येतोय असं वाटलं. मग ओठ सुटल्याचा बारीकसा ओला आवाज आला. मग श्वास. आत घेतलेला, भरून घेतलेला, आणि तिथंच थांबवलेला. ज्याला पुष्कळ सांगायचं आहे आणि समोरच्यानं फक्त मान हलवायची खोटी आहे, अशा माणसाचा श्वास.

तो बाहेर सुटला नाही. तो वाट बघत राहिला.

प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर आला. सवयच असते ती. कुणी बोलता बोलता थांबलं तर माणूस विचारतोच. का कोण जाणे, तिनं दात दाबून धरले आणि हेडफोन ओढून काढला.

रेकॉर्डिंग केलं होतं. पडद्यावर रेघ सरळ होती. एकाही ठिकाणी केसाएवढाही उंचवटा नव्हता.

"काहीच नाही आलं," ती म्हणाली.

"मग आपण दोघांनी ऐकलं ते?" कानसेननं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो काचेला नाक लावून आत बघायला लागला.

५

मास्तरांचा पत्ता साहेबांनी नाखुशीनंच दिला. ते पत्रे कापायच्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर राहत होते. जिना चढतानाच कानठळ्या बसल्या. खाली पत्रे किंचाळत होते, वर खोलीत टेबलपंखा खडखडत होता, आणि भर दुपारी कोपऱ्यात एक रेडिओ कुठलंच स्टेशन न लावता नुसता खरखरत होता. मास्तर ताठ, गोरेपान, नीटनेटके. अशा माणसानं अशी जागा का घेतली असेल, हे तिला जिन्यात कळेना. खोलीत पाऊल ठेवलं आणि कळलं.

त्यांनी तिला बसवलं. ओरडून बोलावं लागत होतं. तिनं अटीचं सांगितलं, शून्याचं सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली.

"अट बरोबर केलीत तुम्ही," ते म्हणाले. "मीही तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं. माझीच चूक होती ती, नाव आहे का एवढंच विचारण्याची. नंतर लक्षात आली. पण मी दुरुस्त केली नाही."

"का?"

"बरं चाललं होतं म्हणून."

"मास्तर, ते काय आहे?"

"मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, म्हणून तर झाकलं."

"काढून का नाही टाकलं?"

"काढायला ते आपण घातलेलं थोडंच होतं?" ते खाली वाकून रेडिओचा आवाज आणखी थोडा मोठा करू लागले. पाठमोरेच म्हणाले, "घरी कुणी आहे का मशीन वापरणारं?"

"वडील."

"त्यांनी त्याला विचारलं का? काय म्हणालात, असं?"

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "मास्तर, बहिऱ्या माणसाच्या तोंडी दुसरं असतं काय?"

मास्तर सरळ उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत कीव होती. ती तिला सर्वांत जास्त लागली. धीराचा एखादा शब्द ते बोलतील म्हणून ती थांबली. पण त्यांनी जिन्याचं दार उघडून धरलं.

"तुम्ही नका विचारू," ते म्हणाले. "तुम्ही तेवढं सांभाळा."

६

परत येऊन तिनं अट पुन्हा होती तशी वाकडी केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आवरलेलं घर स्वतःच्या हातानं विस्कटलं. एवढ्याशा बदलानं खरखर परत आली. साहेब कुरकुरले.

"आता काय कारण लिहायचं याला?"

"काही लिहू नका, साहेब. असू द्या."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. पण प्रोग्रॅम गेला. दोनचार दिवसांत तो सगळीकडे उतरला, आणि तक्रारींचे फोन थांबले. एकदम, नळ बंद केल्यासारखे. साहेब म्हणाले, "बघा, मिटलं."

तक्रारी घेणाऱ्या बाईचं मात्र समाधान होईना. तिनं आपणहून त्या न्हाणीघरवाल्या आजींना फोन लावला, मग आणखी काही जणांना. दुपारी ती झाडूताईच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातातला रुमाल तिनं पिळून पिळून दोरी केली होती.

"आता ऐकू येतं का, विचारलं मी. मशीन घालतच नाही म्हणाले."

"कोण?"

"सगळेच गं. मशीन नाही, काही नाही, आणि फोनवर माझं बोलणंही धड कळत नव्हतं त्यांना. मी ओरडत होते. आणि पलीकडून काय उत्तर, तर आत्ता नको, बोलणं चाललंय." तिनं रुमालाला आणखी एक पीळ दिला. "प्रत्येक जण तेच म्हणाला. आत्ता नको, बोलणं चाललंय."

दोघी मुक्या खोलीकडे गेल्या. कानसेनला सांगावं, त्याच्या तिखट कानांना काही सुचेल, असं तिला वाटत होतं. दाराला आतून कडी होती. काचेतून तो दिसला. जाळीवर मांडी घालून बसला होता. कानात काही नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं. समोर स्पंजाची भिंत. तो हसत होता, मान हलवत होता, मध्येच हात उडवून काहीतरी रंगवून सांगत होता, जशी त्याची सवयच होती. तिनं दार बडवलं, दोन्ही मुठींनी. खोली मुकी होती. बाहेरचं आत जाणार कसं? त्यानं मान वळवली नाही.

साहेबांनी माणसं बोलावून कडी तोडली. त्याला हाताला धरून बाहेर आणलं तेव्हा तो कुणावर रागावला नाही, भांडला नाही. फक्त साहेबांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. साहेब ओरडत होते, आणि त्यांचं एक अक्षरही त्याला ऐकू येत नव्हतं.

ती पर्स न घेताच घराकडे धावली.

७

सकाळी कानात होतं ते नानांचं मशीन आता टेबलावर होतं, बॅटरी काढून, रुमालावर नीट ठेवलेलं. नाना मागच्या खोलीत होते. ही खोली तशी अडगळीची. एक खाट, शिवणयंत्र, बंद खिडकी. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या आणि एकीत ते बसले होते.

"नाना!"

त्यांना ऐकू आलं नाही. ती पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा ते हसले. चेहरा किती दिवसांनी असा टवटवीत दिसत होता! आईच्या वेळी चारचौघांत बसून गप्पा मारायचे, तसा.

ती दुसऱ्या खुर्चीत बसायला गेली. नानांनी झटकन हात पुढे केला. "अगं, बघून!"

ती खाटेवर बसली. ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली, "कोण आहे?"

ते ओठ वाचायला शिकले होते. "नाव नाही सांगितलं अजून."

"आई?"

"छे!" नाना चक्क दुखावले. "तुझ्या आईचा आवाज मी ओळखणार नाही का?"

"काय सांगतंय?"

"सांगत नाही काही. विचारतंय. घरात कोण कोण असतं, कोण कधी येतं, कोण कुठं झोपतं. मी सांगतोय आपला. अगं, किती लक्ष देऊन ऐकतं! एक शब्द दोनदा सांगावा लागत नाही." मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं, "आणि मी काही विचारलं तर राहू द्या म्हणत नाही."

 तिनं त्यांचे हात धरले. "नाना, चला. बाहेर जाऊ. आत्ताच्या आत्ता." ती ओरडली. पुन्हा ओरडली. शेजारच्या घरातलं कुणीतरी खिडकीत आलं असेल, इतक्या मोठ्यानं. नाना तिच्या ओठांकडे बघत होते, पण मधूनच त्यांची नजर सुटून दुसऱ्या खुर्चीकडे जात होती. दोन माणसं एकदम बोलायला लागली की सभ्य माणसाची होते तशी त्यांची ओढाताण चालली होती. मग त्यांनी तिच्या हातांवर थोपटलं, आपले हात सोडवून घेतले, आणि तिच्याकडे पाठ केली.

तिनं त्यांना उचलायचाही प्रयत्न केला. म्हातारं, हलकं शरीर. पण ज्याला यायचंच नाही, तो माणूस किती जड होतो, ते तिला तेव्हा कळलं. ती दाराशी येऊन चौकटीला धरून उभी राहिली. कुणाला बोलवायचं? डॉक्टर येईल, कानात बॅटरी मारून बघेल. शेजारी येतील, म्हातारपण म्हणतील. आणि त्याला विचारलं की काय होतं, ते मास्तरांना तर ठाऊकच होतं. ठाऊक असूनच ते पत्र्यांच्या किंचाळण्यावर घर करून बसले होते.

दुपारचं ऊन काचेतून आत आलं होतं. पंखा बंद, खिडकी बंद, हवा जागच्या जागी. नानांचे पांढरे केस बरेच वाढले होते, कानावर आले होते. नाना पुढे झुकले. आपल्यापेक्षा बुटक्या माणसाचं ऐकायला झुकतात, तसे, कान खाली करून.

आणि त्यांच्या कानावरचे केस हलले.

थोडे उचलले गेले, थरथरले, खाली बसले. पुन्हा उचलले गेले. अगदी जवळून कुणी बोलत असावं, आणि शब्दागणिक वारा लागत असावा, तसे. मधेच ते थांबत, मग पुन्हा सुरू होत. नाना ऐकत होते. "हं," म्हणत होते. "हो, हो."

मग केस स्थिर झाले. नानांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, थेट तिच्याकडे. पाहुण्यांना घरातलं माणूस दाखवतात, तसा त्यांनी हात केला.

"हो, हीच," ते म्हणाले. "हीच माझी मुलगी."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं, की तिचे डोळे भरून आले.

"ये ना," नाना म्हणाले. "तिथं का उभी? तुझ्याशीच बोलायचं म्हणतायत."

तिच्यामागे घराचं दार सताड उघडं होतं. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, एक गाडी भोंगा वाजवत चालली होती. तिनं तिकडे एकदा पाहिलं. मग वडिलांना तिथं एकटं ठेवून जाणं तिला जमेना, म्हणून ओठ घट्ट मिटून ती आत आली, आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.